कोलायटिसच्या पेशंटला गुदाशयाचा कॅन्सर : फक्त गाठ काढायची की अख्खं मोठं आतडं?

चोपड्याचा_जावई
नमस्कार मंडळी. सासऱ्यांबद्दल विचारायचं आहे. घरात आणि गावात सगळे त्यांना नाना म्हणतात. वय ५६, चोपडा तालुक्यात केळी आणि थोडा कापूस. पंधरा-सोळा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. मेसालामाईनच्या गोळ्या, त्रास वाढला की स्टिरॉईड, बरं वाटलं की सगळं बंद, असंच चालत आलं. दिवाळीनंतर परत रक्त पडायला लागलं तर नाना म्हणे, "जुनंच दुखनं शे ते." गावातल्या एकाने मूळव्याध म्हणून मलम दिलं. वजन उतरलं तेव्हा जळगावला कोलोनोस्कोपी झाली. गुदद्वारापासून ७ सेंटिमीटरवर गाठ, बायोप्सीत कॅन्सर. एमआरआयमध्ये टी-३ (गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेलेली), बाजूच्या एकदोन लसिकाग्रंथींच्या गाठी संशयास्पद. छाती-पोटाच्या सीटीत पसरलेलं काही नाही.

आता खरी अडचण. एक सर्जन म्हणाले, आधी लाईट (रेडिएशन), मग गुदाशय काढू, मोठं आतडं खाली जोडू, काही महिने पोटावर शौचाची पिशवी, नंतर ती बंद. मुंबईला दाखवलं तर तिथले म्हणतात, अख्खं मोठं आतडं आणि गुदाशय दोन्ही काढावं लागेल, पिशवी बहुतेक कायमची. घरात दोन तट पडलेत. मेव्हणा म्हणतो मुंबईवाले उगाच मोठं ऑपरेशन करतात. सासूबाई बोलतच नाहीत. ज्यांना अनुभव आहे त्यांनी सांगा.

फैजपूरची_लेक
जावईबापू, धीर धरा. एक विचारते. आजार कुठपर्यंत होता? फक्त खालच्या भागात की पूर्ण मोठ्या आतड्यात? माझ्या भावाच्या वेळी डॉक्टरांनी सगळ्यात आधी हेच विचारलं होतं. जुने कोलोनोस्कोपीचे रिपोर्ट शोधा, कपाटात असतील.

चोपड्याचा_जावई
ताई, सुरुवातीच्या रिपोर्टवर 'पॅनकोलायटिस' लिहिलंय, म्हणजे पूर्ण मोठ्या आतड्यात. त्यानंतर मध्ये एकदाच तपासणी झालेली दिसते, तीही फार जुनी. या वेळी गाठीच्या पुढे दुर्बीण नीट नेता आली नाही असं रिपोर्टमध्ये आहे.

धुळ्याचा_निवृत्त_शल्यक
जावईबापू, रिपोर्ट पाहिलेले नसल्यामुळे नानांचा निर्णय मी इथे देणार नाही. पण घरातलं भांडण ज्यावरून आहे ते समजावून सांगतो.

कोलायटिस नसलेल्या माणसाला गुदाशयाचा कॅन्सर होतो तेव्हा बहुधा एका जागचा पॉलिप (अस्तरावरचा कोंब) वाढून होतो, बाकीचं आतडं चांगलं असतं. तिथे गुदाशय आणि त्याभोवतीचं चरबीचं वेष्टन, ज्यात लसिकाग्रंथी असतात, ते अखंड काढतात. इंग्लंडच्या बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये ही पद्धत मांडली आणि कॅन्सर त्याच जागी परत येण्याचं प्रमाण खूप खाली आलं. तुमच्या पहिल्या सर्जननी सुचवलेलं ऑपरेशन याच धर्तीचं आहे. कोलायटिस नसता तर मीही तेच सांगितलं असतं.

कोलायटिसमध्ये अस्तर वर्षानुवर्षं सुजतं, झडतं, परत येतं. या उलाढालीत पेशी बिघडतात, आणि त्या एकाच जागी बिघडतात असं नाही. या बिघाडाला डिसप्लेशिया म्हणतात. तो कित्येकदा सपाट असतो, दुर्बिणीतूनही पटकन दिसत नाही. म्हणून एका जागी कॅन्सर सापडला की दुसरीकडे डिसप्लेशिया किंवा दुसरा कॅन्सर असण्याची शक्यता साध्या पेशंटपेक्षा बरीच जास्त, आणि आज नसला तरी उरलेल्या आतड्यात पुढे होण्याचीही. केळीच्या एका पानावर करपा दिसला की तुम्ही तेवढंच पान कापून घरी जात नाही, बाग फिरून बघता. तसंच हे.

त्यामुळे पूर्ण आतड्याचा कोलायटिस आणि गुदाशयाचा कॅन्सर एकत्र असले तर मोठं आतडं आणि गुदाशय दोन्ही काढणं हाच नेहमीचा सल्ला आहे. मेव्हण्यांना सांगा, 'उगाच मोठं' नाहीये ते.

जळगाव_ओपीडी
सरांशी सहमत, एक पुस्ती जोडतो. मी पोटविकारवाला आहे. अपवाद असतात. आजार थोड्याच भागापुरता होता, वर्षानुवर्षं शांत आहे, बाकीच्या आतड्याच्या बायोप्सी स्वच्छ आहेत, किंवा पेशंट इतका थकलाय की मोठं ऑपरेशन झेपणार नाही, तर मर्यादित शस्त्रक्रियेवर चर्चा होऊ शकते. कॅन्सर यकृतात किंवा फुफ्फुसात पसरला असेल तर हिशोबच बदलतो. पण नानांचा आजार पॅनकोलायटिस, अंगावर काढलेला, वरचं आतडं न बघितलेलं. यात अपवादाला जागा दिसत नाही.

गाठीच्या पुढचं आतडं कसं बघणार हे मुंबईच्या टीमला विचारा. लहान मुलांची बारीक दुर्बीण कधी कधी पुढे जाते. ती गेली तर रंग फवारून ठिकठिकाणच्या बायोप्सी घेता येतात.

ज्यांच्या घरात कोलायटिस आहे त्या सगळ्यांसाठी: लक्षणं सुरू झाल्यापासून ८ वर्षांनी, त्रास असो वा नसो, तपासणीची कोलोनोस्कोपी सुरू व्हायला हवी. पुढे धोक्याप्रमाणे १ ते ५ वर्षांनी. सोबत पित्तनलिकांचा पीएससी नावाचा आजार असेल तर निदान झाल्यापासून दर वर्षी. २००१ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले धोक्याचे आकडे होते: १० वर्षांनी २ टक्के, २० वर्षांनी ८, ३० वर्षांनी १८. नंतरच्या अभ्यासांत ते बरेच कमी आलेत, म्हणून घाबरून जाऊ नका. पण औषध बंद करून बसू नका.

कापूसकोंड्या
आमच्याकडच्या शेवभाजीचा आणि लाल तिखटाचा प्रताप आहे हा सगळा. आजोबा ताक आणि कळण्याच्या भाकरीवर नव्वद वर्षं जगले. आतडं काढायच्या आधी एकदा तरी वैद्याकडे जाऊन या.

फैजपूरची_लेक
भाऊ, शेवभाजीने कोलायटिस होत असता तर अख्खा जिल्हा दवाखान्यात असता. आजार वाढलेला असताना तिखट सोसत नाही, हे खरं. कॅन्सर त्याने होत नाही. आणि बायोप्सीत कॅन्सर निघालेल्या माणसाला 'आधी वैद्याकडे जाऊन या' म्हणताना जे महिने जातात ते परत मिळत नाहीत.

चोपड्याचा_जावई
सर, खूप आभार. मेव्हण्याला तुमचा मेसेज वाचून दाखवला. त्याचे दोन प्रश्न आहेत. एक, रेडिएशननेच गाठ विरघळते आणि ऑपरेशन लागत नाही असा व्हिडिओ त्याने बघितलाय. दुसरा, पोटातच पिशवी बनवतात, बाहेर लावावी लागत नाही, ते नानांना का नको?

धुळ्याचा_निवृत्त_शल्यक
व्हिडिओ खोटा नसावा. ब्राझीलच्या अँजेलिटा हाब्र-गामा यांनी हा मार्ग दाखवला. रेडिएशन आणि केमोनंतर गाठ पूर्ण गेली तर ऑपरेशन न करता काटेकोर पाळत ठेवायची. निवडक पेशंटमध्ये आता हे जगभर करतात. पण पाळत ठेवायला बाकीचं अस्तर चांगलं हवं. कोलायटिसमध्ये सूज कुठली, रेडिएशनचा व्रण कुठला आणि परत आलेला कॅन्सर कुठला, हेच ओळखू येत नाही. शिवाय गाठ विरघळली तरी वरचं धोक्याचं आतडं पोटात राहतंच. म्हणून कोलायटिसच्या पेशंटला सहसा हा मार्ग सुचवत नाहीत.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. पोटातल्या पिशवीला पाऊच म्हणतात. लहान आतड्याचं टोक दुमडून 'जे' आकाराचा कप्पा करतात आणि गुदद्वाराला जोडतात. लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये पाऊचची पद्धत प्रसिद्ध केली, 'जे' आकार त्यानंतर आला. ज्यांना नुसता कोलायटिस आहे त्यांच्यासाठी ऑपरेशन उत्तम. तरी पाऊचवाल्यांना दिवसाला पाच-सात वेळा शौचाला जावं लागतं, रात्रीही एखादी वेळ, आणि पाऊचला सूज येणं ही नेहमीची तक्रार.

कॅन्सर असला की क्रमाचा प्रश्न येतो. टी-३, बाजूच्या गाठी संशयास्पद, म्हणजे रेडिएशन लागणार. ते पाऊच जोडल्यानंतर दिलं तर पाऊच किरणांच्या पट्ट्यात येतो, आखडतो, गळतो, बऱ्याचदा काढावा लागतो. म्हणून रेडिएशन द्यायचं असेल तर ऑपरेशनच्या आधी. आधी देऊन मग पाऊच करता येतो, कारण लहान आतड्याचा तो भाग किरणांत नसतो. पण ओटीपोट आणि गुदद्वाराचे स्नायू किरणांनी कडक झालेले असतात, पाऊच मनासारखा चालत नाही. गाठ स्नायूंच्या जवळ असेल तर प्रश्नच मिटला, स्नायूही काढावे लागतात. नानांची ७ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे मधली जागा. मुंबईवाले 'बहुतेक कायमची' म्हणाले ते यामुळे. स्नायूंची ताकद, नानांचं वय, शेतातलं काम, हे सगळं बघून ते ठरवतील.

अजून एक. कोलायटिसमध्ये एमआरआय फसवतो. सुजेमुळे गाठ आणि सूज वेगळी करणं अवघड जातं, ग्रंथी सुजेनेही मोठ्या दिसतात. हे रिपोर्ट आतड्याच्या कॅन्सरचेच रिपोर्ट रोज वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टने बघितलेले बरे. नंतर 'अरे, रेडिएशन द्यायला हवं होतं' अशी वेळ कोलायटिसच्या पेशंटवर येता कामा नये.

साक्रीची_मी
मध्येच बोलते, माफ करा. मला क्रोन्स आहे (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार), वय ३१. सुजलेल्या आतड्याला रेडिएशन देतच नाहीत असं ऐकलं होतं. खरं का?

जळगाव_ओपीडी
ताई, पूर्वी टाळायचे. आता किरणांचा झोत हवा तिथेच वळवणारी यंत्रं आहेत, आजार शांत असेल तर देतात. आजार पेटलेला असेल तर आधी औषधांनी खाली आणतात. दोन पद्धती: ५ दिवसांत २५ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांच्या डोसचं माप), किंवा पाच-साडेपाच आठवडे रोज थोडं थोडं, एकूण ४५ ते ५०.४ ग्रे, सोबत केमोची गोळी. त्या गोळीने जुलाब होतात, आणि कोलायटिसवाल्याचे जुलाब गोळीचे की आजाराचे हे डॉक्टरला सारखं तपासत राहावं लागतं.

जावईबापू, नानांच्या औषधांची पूर्ण यादी कॅन्सरच्या डॉक्टरांना द्या. मेसालामाईन सहसा चालू ठेवतात. अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) चालू असेल तर केमोच्या काळात बहुधा थांबवतात. स्टिरॉईड चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. आणि जास्त डोस चालू असताना ऑपरेशन केलं तर जखम भरायला आणि जोड टिकायला त्रास होतो, म्हणून आधी हळूहळू कमी करतात. गावात कंबर दुखली की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन ठोकतात, ते नानांना नको. त्याने कोलायटिस भडकू शकतो.

साक्रीच्या ताई, तुम्ही लिहिलं नाही, पण भगंदर आहे का?

साक्रीची_मी
आहे. सात-आठ वर्षांपासून. दोनदा ऑपरेशन, एकदा क्षारसूत्र (आयुर्वेदातला औषधी दोरा). आता सवय झाली म्हणा.

धुळ्याचा_निवृत्त_शल्यक
सवय होऊ देऊ नका, बेटा. साध्या भगंदराला क्षारसूत्राने गुण येतो, मी स्वतः तसे पेशंट पाठवले आहेत. पण क्रोन्समधलं भगंदर आतड्याच्या आजाराचा फाटा आहे, मूळ आजाराचं औषध नीट चालू नसेल तर ते परत परत येणार. आणि वर्षानुवर्षं वाहणाऱ्या भगंदराच्या मार्गात क्वचित कॅन्सर होतो. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून तो उशिरा सापडतो. दुखणं अचानक वाढलं, बुळबुळीत स्राव वाढला, जागा आवळत चालली, तर भूल देऊन तपासणी आणि मार्गातल्या मांसाची बायोप्सी मागून घ्या. भूल न देता दुखऱ्या जागी बोट घालून कुणालाच काही कळत नाही.

साक्रीची_मी
गेल्या दोन महिन्यांत दुखणं वाढलंय. सोमवारी जाते.

कापूसकोंड्या
ताई, खरंच जा. मी वर फालतू बोललो.

शहाद्याचा_आयटीवाला
इम्युनोथेरपीबद्दल कुणी बोललं नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये गुदाशयाच्या कॅन्सरचे १२ पेशंट नुसत्या इंजेक्शनवर पूर्ण बरे झाल्याची बातमी होती.

जळगाव_ओपीडी
बरोबर, औषध डोस्टारलिमॅब. पण त्या सगळ्यांच्या गाठींत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली होती. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी थोड्याच. बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर एमएमआर तपासणी होते, नानांची झाली का विचारा, झालीच पाहिजे. कोलायटिसवाल्याचा पेच असा की ही इंजेक्शनं शरीराची प्रतिकारशक्ती मोकाट सोडतात, आणि निरोगी माणसालाही त्यातून आतड्याची सूज येऊ शकते. आधीच कोलायटिस असलेल्याचा आजार भडकण्याची भीती जास्त. कधीच देत नाहीत असं नाही, पण पोटविकारवाला आणि कॅन्सरवाला एकत्र बसल्याशिवाय नाही.

भुसावळ_जंक्शन
इतका वेळ नुसतं वाचत होतो. आता पिशवीबद्दल बोलतो, कारण ती माझ्या पोटावर आहे. रेल्वेत आहे, इलिऑस्टॉमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं), कायमची. कारण नानांसारखंच.

सुरुवातीचा काळ वाईट जातो, खोटं कशाला सांगू. वास येईल, गळेल, लोक काय म्हणतील. नंतर हाताला वळण पडतं. पिशवी दिवसातून चार-सहा वेळा रिकामी करायची, पूर्ण बदलायची तीन-चार दिवसांनी. ड्यूटी करतो, लग्नाला जातो, पंगतीत बसतो. आधी वीस वेळा संडासला पळायचो, गाडीत बसायची भीती वाटायची. ते गेलं.

आपल्या भागातली खरी लढाई उन्हाळ्याशी. मे महिन्यात भुसावळला ४५ अंश सहज. मोठं आतडं नसलं की पाणी आणि मीठ शोषायची जागाच गेलेली असते. तहान लागली म्हणून नुसतं गार पाणी ढोसलं तर पिशवीतून अजून जास्त निघतं आणि सोबत मीठ घेऊन जातं. चक्कर, पायात गोळे, लघवी कमी, कुणाकुणाची किडनी बसते. ओआरएस घ्यायचं, पुडीवर लिहिल्याप्रमाणे मोजून, घोट घोट. ज्यांना फार वाहतं त्यांना डॉक्टर घरी करायचं द्रावण सांगतात: १ लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. काट्यावर मोजून, अंदाजे चमच्याने नाही. दिवसाला दीड लिटरच्या वर वाहायला लागलं तर घरी बसायचं नाही, दवाखाना. नानांना सांगा, केळीच्या बागेत दुपारी बाराला जायचे दिवस संपले. सकाळी लवकर जा, परत या.

खाण्याचं: पहिले दीड-दोन महिने मक्याचं कणीस, ओलं खोबरं, शेंगदाणे, पालेभाज्यांचे देठ नको, अडकतात. नंतर एकेक पदार्थ, थोडा थोडा, भरपूर चावून. भरीत मी खातो. बिया काढून, तिखट कमी. बायको म्हणते ते भरीतच नव्हे, पण खातो.

चोपड्याचा_जावई
भाऊ, हे सगळं नानांना वाचून दाखवलं. पहिल्यांदा काही बोलले. "भुसावळवालानं पोट फिरतं का मंग?" म्हणाले. म्हणजे वाकून काम करता येतं का.

भुसावळ_जंक्शन
येतं. जड उचलायचं नाही पहिले काही महिने, पिशवीच्या बाजूने हर्निया होतो. नंतरही केळीचा घड खांद्यावर नको, पोरांना सांगा.

खर्चाचं: महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं कवच आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, उपचार सुरू व्हायच्या आधी त्याच्याकडे कागद द्या, नंतर नाही. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळतंय का आत्ताच बघा, आपल्याकडे निम्मी कामं तिथेच अडतात. रेल्वेत कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्का मारून घ्यायचा. मुंबईला राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पेशंट-नातेवाइकांची सोय होते, पण गर्दी असते, आधी विचारा.

फैजपूरची_लेक
अजून एक, कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ओटीपोटाच्या या ऑपरेशनमध्ये आणि रेडिएशनमध्ये लघवीच्या आणि लैंगिक संबंधांच्या नसांना धक्का लागू शकतो. माझ्या भावाचं लग्न व्हायचं होतं. रेडिएशनच्या आधी वीर्य जतन करून ठेवता येतं, हे त्याला वेळेत कळलं म्हणून बरं. तरुण पेशंट असेल तर आधीच विचारा. बायकांच्या बाबतीतही पाऊचच्या ऑपरेशननंतर दिवस राहणं अवघड होऊ शकतं, रेडिएशनने तर अंडाशयच बंद पडू शकतात. आपल्याकडे हे विषय डॉक्टरसमोर काढायला लाजतात.

चोपड्याचा_जावई
मुंबईहून परत आलो. बारीक दुर्बीण पुढे गेली. उजव्या बाजूच्या आतड्यात, दिसायला काहीच नसलेल्या जागी, हाय ग्रेड डिसप्लेशिया निघाला. मेव्हण्याने रिपोर्ट स्वतः वाचला, आता तो मुंबईच्याच बाजूने आहे. एमएमआर तपासणीत बिघाड नाही, म्हणजे ती इंजेक्शनं नाहीत. ठरलंय ते असं: आधी ५ दिवसांचं रेडिएशन, मग काही केमो, मग पूर्ण ऑपरेशन. पाऊचचं नानांनीच नको सांगितलं, दिवसातून सात वेळा परसाकडे जायला मी आता तयार नाही म्हणाले. रक्त ८ ग्रॅमवर आहे, शिरेतून लोहाचं इंजेक्शन सुरू केलंय.

एक प्रश्न राहिला. नर्सताई म्हणाल्या ऑपरेशनच्या आधी पोटावर पिशवीची जागा पेनाने आखणार. नाना धोतर नेसतात, फवारणीचा पंपही पाठीवर घेतात. जागा आपण सांगू शकतो का?

भुसावळ_जंक्शन
सांगायचीच. साधारणपणे बेंबीच्या खाली उजवीकडे आखतात, पण घडी पडते तिथे नको, धोतराच्या गाठीखाली नको, पंपाचा पट्टा येतो तिथे नको. त्या दिवशी नानांना दवाखान्याच्या गाउनमध्ये नेऊ नका, धोतर नेसवूनच न्या. उभं राहून, बसून, वाकून, तिन्ही वेळा त्यांना स्वतःला जागा दिसली पाहिजे, कारण पिशवी त्यांनाच बदलायची आहे. माझी आखली तेव्हा मी झोपून होतो, आता बेल्ट रोज तिथेच घासतो. पंपाचा पट्टा सोबत न्या. नर्सताई हसतील, हसू द्या.

धुळ्याचा_निवृत्त_शल्यक
हसणार नाहीत. ऑपरेशननंतर पायातल्या शिरांत रक्त गोठू नये म्हणून इंजेक्शनं देतात, ती घरी आल्यावरही साधारण महिनाभर चालू ठेवायची का, हे डिस्चार्जच्या वेळी विचारा. कॅन्सर आणि कोलायटिस दोन्हींमुळे तो धोका वाढतो. साक्रीच्या ताई, सोमवारचं काय झालं ते कळवा.